छोटा ड्युअल-बँड अँटेना स्वतः बनवताना: कागदावरच्या पहिल्या रेघेपासून गच्चीवरच्या चाचणीपर्यंत

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मागांवर छोट्या डब्या बसवायच्या होत्या. माग थांबला की डबीनं वायफायवरून ऑफिसात कळवायचं, एवढंच काम. मालकांची अट मात्र पक्की होती. "सर, काडेपेटीएवढीच डबी पाहिजे. मोठी केली की कारागिराचा हात लागतो, आणि वर कापूस बसतो तो वेगळाच." वायफाय दोन्ही बँडवर चालणारं हवं होतं. २.४ गिगाहर्ट्झवर आजूबाजूच्या सगळ्या ऑफिसांची गर्दी, त्यात एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झवर जागा मोकळी, पण मागांच्या रांगेआड आणि भिंतीआड तो बँड लवकर क्षीण होतो. त्यामुळे ज्या वेळी जो चालेल तो धरायचा, असं ठरलं.

त्या कामासाठी केलेला माझा पहिला अँटेना टेबलावर उत्तम दिसत होता. दोन्ही बँडमध्ये परत येणाऱ्या शक्तीचा आलेख (एस-११, जितका खाली तितका चांगला) उणे १० डीबीपर्यंत खाली. डबीत घालून शेडमध्ये नेला तर बाजारातल्या साध्या कांडीच्या अँटेनापेक्षाही रेंज कमी. दोन आठवडे मी पट्टीच्या लांबीत चूक शोधत बसलो. चूक लांबीत नव्हती. मी तांब्याच्या पट्टीलाच अँटेना समजत होतो. पट्टी, तिच्याखालचा ग्राउंड (बोर्डावरचं सलग तांबं), मोजणीची केबल, डबीचं प्लास्टिक, शेजारची बॅटरी आणि डबी ज्यावर बसते ते लोखंड, हे सगळं मिळून एक अँटेना होतो. हे ज्याला पहिल्या दिवशी कळलं त्याचे दोन आठवडे वाचतात, म्हणून हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे. ओहमचा नियम, सोल्डरिंग आणि शाळेतलं गणित एवढं येत असेल तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे.

आधी वहीत आकडे मांडा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी वही उघडा. आपल्याला हवे असलेले पट्टे असे: खालचा बँड २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, वरचा ५१५० ते ५८७५ मेगाहर्ट्झ. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना वापरता येतो, आणि ५ गिगाहर्ट्झमधले पट्टे २०१८ च्या अधिसूचनेनं खुले झाले. (५३५० ते ५४७० हा मधला तुकडा त्यात येत नाही, पण अँटेना करताना आपण सलग पट्टाच धरतो.)

लहरीची लांबी काढायला ३०० ला गिगाहर्ट्झनं भागायचं, उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. २.४५ ला १२२.४ मिमी, तिचा चौथा हिस्सा ३०.६ मिमी. ५.५ ला ५४.५ मिमी, चौथा हिस्सा १३.६ मिमी. हे चार आकडे पाठच करा, पुढे दर पाच मिनिटांनी लागतात.

आता बँडविड्थ, म्हणजे पट्ट्याची रुंदी, टक्क्यांत काढा. खालच्या बँडला ८३.५ भागिले २४४२, म्हणजे ३.४ टक्के. वरच्याला ७२५ भागिले ५५१२, म्हणजे १३ टक्क्यांहून थोडं जास्त. नवीन मुलांना वाटतं की लांबी जास्त म्हणून खालचा बँड अवघड. जागेच्या दृष्टीनं ते खरं आहे, पण रुंदीच्या दृष्टीनं वरचाच बँड घाम काढतो. पुस्तकातला चौकोनी पॅच अँटेना (मागे ग्राउंड असलेला तांब्याचा चौकोन) १.६ मिमीच्या बोर्डावर २.४५ ला केला तर तो साधारण ३८ बाय २९ मिमीचा होतो आणि त्याची बँडविड्थ दोन टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे काडेपेटीतही बसत नाही आणि खालचा बँडही पुरता झाकत नाही. आपल्या कामाला पॅच बाद.

लहान करण्याची किंमत

हा भाग वगळू नका, कारण इथेच सगळ्यांचा हट्ट मोडतो. १९४७ साली व्हीलर आणि १९४८ साली चू यांनी दाखवून दिलं की अँटेना ज्या गोळ्यात मावतो त्या गोळ्याची त्रिज्या लहान केली की त्याचा क्यू (साठलेली ऊर्जा आणि बाहेर पडणारी ऊर्जा यांचं गुणोत्तर) वाढतो, आणि क्यू वाढला की बँडविड्थ आक्रसते. लहरीच्या मानानं अँटेना फारच लहान झाला की हा हिशोब घनात चालतो: त्रिज्या निम्मी केली तर क्यू जवळजवळ आठपट.

सूत्र सोपं आहे. त्रिज्येला २π नं गुणून लहरीच्या लांबीनं भागायचं, त्या संख्येचा व्यस्त आणि तिच्या घनाचा व्यस्त यांची बेरीज म्हणजे क्यूची किमान मर्यादा. समजा अख्खा अँटेना, ग्राउंडसकट, ११ मिमी व्यासाच्या गोळ्यात कोंबला. २.४५ ला ती संख्या ०.२८ येते आणि क्यू ४८ च्या आसपास. एवढ्या क्यूला मॅच होणारी बँडविड्थ दीड टक्का. आपल्याला हवी ३.४. म्हणजे कितीही वळणं घाला, हे होणे नाही. त्यातूनही मीटरवर बँडविड्थ दिसलीच, तर ती बहुधा उष्णता होऊन जाणाऱ्या ऊर्जेतून आलेली असते.

मग तांदळाच्या दाण्याहून लहान चिप अँटेना बाजारात मिळतात ते कसे चालतात? ते एकटे चालतच नाहीत. ते बोर्डाच्या ग्राउंडमध्ये करंट उभा करतात आणि खरं प्रसारण तो ग्राउंड करतो. म्हणूनच त्यांच्या डेटाशीटमध्ये ग्राउंडची लांबी-रुंदी आणि मोकळी सोडायची जागा ठासून दिलेली असते. ती न पाळता चिप बसवली की रेंज जाते आणि बोल चिपला लागतो.

आपला बोर्ड मी २६ बाय ४५ मिमी धरतो. त्याचा कर्ण ५२ मिमी, म्हणजे त्रिज्या २६. वरच्याच सूत्रात घातली तर क्यूची मर्यादा १.२ च्या जवळ. श्वास घ्यायला भरपूर जागा आहे, पण ती ग्राउंड धरून आहे, हे लक्षात ठेवा.

जागावाटप

बोर्ड उभा धरा. खालचे ३० मिमी ग्राउंडचे. मागच्या बाजूला सलग तांबं, पुढे आपलं सर्किट आणि फीडची लाइन, म्हणजे अँटेनाला सिग्नल पोचवणारी वाट. वरचे १५ मिमी फक्त अँटेनाचे, तिथे मागे-पुढे दुसरं तांबं अजिबात नाही. स्क्रू नाही, बॅटरीचं टोक नाही, बोर्डावर छापायचं नावही तांब्यात नाही. ग्राउंड ३० मिमी ठेवण्यामागचं कारण म्हणजे तो खालच्या बँडच्या पाव लहरीएवढा होतो आणि पट्टीचा जोडीदार म्हणून नीट काम करतो. सर्किटसाठी जागा हवी म्हणून ग्राउंड लांबवला तर चालतं, मात्र लांबवून झाल्यावर पट्टी पुन्हा जुळवावी लागते.

बोर्डासाठी साधा एफआर-४ (नेहमीच्या पीसीबीचं काचतंतूचं मटेरियल) घ्या, १.६ मिमी जाडीचा. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (लहर बोर्डात किती आखडते ते ठरवणारा आकडा) ४.४ धरतात, पण लॉटनुसार ४.२ ते ४.६ पर्यंत हलतो. त्यात ऊर्जाही थोडी मुरते, लॉस टँजंट ०.०२ च्या आसपास असतो. महागडे मायक्रोवेव्ह बोर्ड यापेक्षा बरे, यात शंका नाही. पण आपल्या पट्टीच्या मागे ग्राउंड नसल्यामुळे तिचं क्षेत्र बरंचसं हवेत असतं, आणि एफआर-४ चा त्रास पॅचला होतो तेवढा इथे होत नाही. शिकायला हाच बोर्ड योग्य.

फीडची लाइन ३ मिमी रुंद. या जाडीच्या एफआर-४ वर तेवढ्या रुंदीला जवळजवळ ५० ओहमचा इम्पीडन्स (रेडिओ सिग्नलला होणारा रोध) मिळतो. तिचा मध्य डाव्या कडेपासून ८ मिमीवर घ्या, म्हणजे उजवीकडे हातपाय पसरायला जागा राहते. लाइनमध्ये तीन छोट्या कंपोनंटची जागा सोडून ठेवा: एक ओळीत, दोन ग्राउंडकडे. सुरुवातीला ओळीतल्या जागी शून्य ओहम लावा आणि बाकीच्या दोन रिकाम्या ठेवा. पुढे डबी बदलली, बॅटरी बदलली, तर नवा बोर्ड न छापता तिथेच सुधारता येतं. ही जागा न सोडणाऱ्यांना मी आजवर फक्त पस्तावतानाच पाहिलंय.

दोन हात, एक खोड

एकाच पट्टीतून दोन बँड का काढत नाही, असं वर्गात दरवेळी कुणीतरी विचारतंच. पाव लहरीची पट्टी पुन्हा रेझोनन्सला येते, म्हणजे शक्ती सहज घेऊ लागते, ती तिप्पट फ्रिक्वेन्सीला. २.४५ ची तिप्पट ७.३५, आणि आपल्याला हवं ५.५. वळणं घालून, एखादी जागा रुंद करून ती खाली ओढता येते, पण मग एक बँड हलवला की दुसराही हलतो. पहिल्यांदा शिकताना दोन स्वतंत्र हात बरे: लांब हात खालच्या बँडचा, आखूड हात वरच्याचा, खोड सामाईक.

लांबी किती? हवेत ३०.६ मिमी लागते. सगळीकडे एफआर-४ असता तर ती बरीच कमी झाली असती. खरी परिस्थिती मधली, आणि या जाडीला २.४५ ची पट्टी साधारण २३ ते २५ मिमीवर येऊन थांबते. आपण मुद्दाम जास्त घेऊ: खोड ग्राउंडच्या कडेपासून १२ मिमी वर, तिथून उजवीकडे वळून १५ मिमी. एकूण २७. पट्टीची रुंदी दीड मिमी. आखूड हात खोडाला ६ मिमी उंचीवर फुटतो आणि उजवीकडे ६ मिमी जातो, एकूण १२. याची रुंदी दोन ते अडीच मिमी ठेवा, कारण रुंद पट्टीला बँडविड्थ जास्त मिळते आणि वरच्या बँडला तिचीच गरज आहे.

दोन्ही हात एकाच दिशेला गेले की त्यांच्यातलं अंतर महत्त्वाचं होतं. इथे ते चार मिमीच्या आसपास राहतं. ते दीड-दोन मिमीवर आणलं तर हात एकमेकांना ओढू लागतात आणि एकाला कापलं की दुसरा सरकतो. तसंच कुठलाही आडवा हात ग्राउंडच्या कडेला फार टेकवू नका. जवळ गेला की इम्पीडन्स पडतो आणि बँड अरुंद होतो. जागाच नसेल आणि हात खाली आणावाच लागला, तर खोडाजवळून ग्राउंडला एक पाय जोडून त्याचा उलटा एफ करा. त्या पायानं पडलेला इम्पीडन्स पुन्हा वर येतो.

पहिला नमुना टेपचा

पीसीबी मागवायची घाई करू नका. नवी पेठेतल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात चौकशी केली तर तांब्याची चिकटपट्टी मिळून जाते, नाहीतर ऑनलाइन. तांबं नसलेल्या एफआर-४ च्या तुकड्यावर, किंवा दोन्ही बाजूंचं तांबं वरच्या १५ मिमीमधून काढून टाकलेल्या कॉपर क्लॅड बोर्डावर, हात टेपनं चिकटवा. वळणावर टेपचे दोन तुकडे एकमेकांवर आले तर तिथे सोल्डर ओढा. खालच्या चिकट थराच्या भरवशावर राहू नका, काही टेपचा चिकट थर वीज नेतच नाही.

बोर्डच कोरायचा असेल तर लेझर प्रिंटवरून इस्त्रीनं छाप घ्या आणि फेरिक क्लोराइडमध्ये सोडा. द्रावण कोमट असलं की काम लवकर होतं. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात प्लास्टिकचा ट्रे दहा मिनिटं ठेवला तरी पुरतं. हातमोजे घाला, ट्रे लहान मुलांपासून लांब ठेवा आणि वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका.

एसएमए कनेक्टर (केबल जोडायचा छोटा स्क्रूचा कनेक्टर) बोर्डाच्या खालच्या कडेला बसवा. त्याचे ग्राउंडचे पाय पुढून-मागून दोन्हीकडे पूर्ण सोल्डर करा. इथला एक मिलिमीटरचा गोळासुद्धा ५.५ गिगाहर्ट्झला दिसतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत, त्यांचा पृष्ठभाग तारेच्या जाळीचा आहे, आणि तरी काम चोख होतं, कारण तिथल्या लहरी वीस सेंटीमीटरपासून दोन मीटरपर्यंतच्या आहेत आणि जाळीची भोकं त्यांच्यापुढे नगण्य. आपली लहर साडेपाच सेंटीमीटरची. चूक किती चालेल हे लहरीच्या लांबीवर ठरतं, म्हणून व्हर्नियर कॅलिपर हाताशी ठेवा.

संगणकावर काय बघायचं

ओपनईएमएस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरतं. कॉलेजात एचएफएसएस किंवा सीएसटी असेल तर तेही वापरा. मॉडेलमध्ये बोर्ड, दोन्ही बाजूंचं तांबं, कनेक्टरचा ठोकळा आणि शक्य तितक्या लवकर डबी आणि बॅटरीसुद्धा घाला. भोवतीची हवेची पेटी सगळ्या बाजूंनी किमान ३० मिमीची, म्हणजे खालच्या बँडच्या पाव लहरीएवढी. पट्टीच्या कडांपाशी हिशोबाची जाळी बारीक करा. स्वीप २ ते ६.५ गिगाहर्ट्झ.

एस-११ चा आलेख सगळेच बघतात. त्याहून जास्त शिकवतं ते करंटचं चित्र. २.४५ ला लांब हात आणि ग्राउंडच्या कडा उजळल्या पाहिजेत, ५.५ ला आखूड हात. ५.५ ला लांब हातच उजळत असेल तर तो बँड तुम्ही बनवलेला नाही, योगायोगानं आलाय, आणि डबीत गेला की सरकणार. एका वेळी एकच माप बदला आणि प्रत्येक बदलाचा परिणाम वहीत लिहा. कार्यक्षमतेचा आकडाही काढून ठेवा, त्याचं कारण पुढे येतंच.

सिम्युलेशनवर चार दिवसांपेक्षा जास्त घालवू नका. बोर्डाचा स्थिरांकच नक्की माहीत नसताना तिसऱ्या दशांशापर्यंत जुळवण्यात काही अर्थ नाही.

मोजणी

एस-११ मोजणारं उपकरण (व्हीएनए, ज्याला मी इथे मीटर म्हणतो) घेताना त्याची वरची मर्यादा बघा. नॅनोव्हीएनएची सुरुवातीची स्वस्त मॉडेल ९०० मेगाहर्ट्झ किंवा दीड गिगाहर्ट्झपर्यंतच जातात, व्ही-२ हे ३ गिगाहर्ट्झपर्यंत. आपल्याला ६ च्या पुढे जाणारं हवं, जसं लाइटव्हीएनए, जे ६.३ पर्यंत जातं.

कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला करा, जिथे अँटेना जोडणार तिथे. ओपन (उघडं टोक), शॉर्ट (जोडलेलं टोक), लोड (५० ओहमचा रेझिस्टर), या क्रमानं. मग लोड पुन्हा लावून बघा: आलेख उणे ३० च्या खूप खाली पडून राहिला पाहिजे. केबल हलवली आणि तो नाचला, तर कनेक्टर घट्ट करून पुन्हा पहिल्यापासून. माझ्या पहिल्या अँटेनाची अर्धी गोष्ट इथेच घडली होती. मी उपकरणाच्या तोंडाशी कॅलिब्रेशन केलं आणि नंतर पातळ केबल जोडली. केबलमध्ये जाताना दीड डीबी गळाली, येताना दीड डीबी गळाली, आणि उणे ७ चा अँटेना मला उणे १० चा दिसला. वरच्या बँडला गळती आणखी जास्त, म्हणून तो आणखीच देखणा.

उणे १० म्हणजे काय तेही सांगून टाकतो: दहा टक्के शक्ती परत आली, नव्वद टक्के आत गेली. उणे ६ ला पंचवीस टक्के परत. छोट्या डबीतल्या अँटेनाला बँडच्या कडांवर उणे ६ चालवून घेतात, पण शिकताना उणे १० चं लक्ष्य ठेवा. आणि "आत गेली" म्हणजे "प्रसारित झाली" असं समजू नका. कॅलिब्रेशनचा ५० ओहमचा लोड सगळी शक्ती गिळतो, आलेख जगातला सर्वोत्तम देतो आणि बाहेर काहीच सोडत नाही. म्हणून तर सिम्युलेशनमधून कार्यक्षमता काढायला सांगितलं, आणि म्हणूनच गच्चीवरची चाचणी करायची.

आता दुसरी अर्धी गोष्ट. अँटेना मीटरला जोडलेला असताना केबल हातात धरा, कनेक्टरपासून ५ सेंटीमीटरवर, मग १०, मग २०. आलेख सरकला तर केबलच्या बाहेरच्या अंगावरून करंट वाहतोय आणि केबल अँटेनाचा भाग झाली आहे. छोट्या ग्राउंडच्या अँटेनात हे हमखास होतं, खालच्या बँडला जास्त. डबीत केबल नसते, म्हणून तिथे अँटेना वेगळाच वागतो. उपाय दोन. केबलवर कनेक्टरजवळ चार-पाच फेराइटचे मणी ओवा, या फ्रिक्वेन्सीला ते करंट पुरता अडवत नाहीत, पण बराच शोषतात. किंवा केबलवर पाव लहरीची नळी चढवा: साधारण ३० मिमीची तांब्याची नळी, मीटरकडचं टोक केबलच्या जाळीला सोल्डर केलेलं, अँटेनाकडचं उघडं. नळी एकाच बँडला नीट चालते, पण खालच्या बँडला चालली तरी निम्मं दुखणं गेलं.

केबल शांत झाली की ब्लेड हातात घ्या. लांब हातापासून सुरुवात करा, कारण तो हलला की वरचा बँडही थोडा हलतो. हिशोब सरळ आहे. २७ मिमीतला एक मिमी म्हणजे ३.७ टक्के, तेवढं कापलं की रेझोनन्स साधारण ९० मेगाहर्ट्झनं वर जातो. म्हणजे एका कापात अख्खा खालचा बँड ओलांडला जातो. अर्ध्या मिमीनंच कापा. आखूड हातात एक मिमी म्हणजे आठ टक्के, चारशेहून जास्त मेगाहर्ट्झ, तिथे पाव मिमी. टेप असल्यानं जास्त कापलं गेलं तर तुकडा परत जोडता येतो, आणि पहिल्या दिवशी तो जोडावा लागतोच. आखूड हात जमला की पुन्हा लांबाकडे वळून तपासा.

खळगा योग्य फ्रिक्वेन्सीला आहे पण उथळ आहे, असं झालं तर लांबीला हात लावू नका. स्मिथ चार्टवर, म्हणजे मीटरवरच्या इम्पीडन्सच्या गोल आलेखावर, बघा. रेझोनन्सचा बिंदू मध्याच्या डावीकडे असेल तर रेझिस्टन्स कमी पडतोय: हात ग्राउंडपासून थोडा वर न्या किंवा वर सांगितलेला पाय जोडा. उजवीकडे असेल तर जास्त आहे. मग त्या तीन कंपोनंटच्या जागा कामाला आणा.

डबी बंद करून पुन्हा

आता तोच अँटेना खऱ्या डबीत, खऱ्या बॅटरीसकट, झाकण लावून मोजा. प्लास्टिक जवळ आलं की दोन्ही रेझोनन्स खाली सरकतात, दोन-पाच टक्के सहज. त्यामुळे उघड्या अँटेनाला मध्यावर आणून थांबू नका. डबीत मध्यावर यावा म्हणून उघड्यावर तो मुद्दाम थोडा वर ठेवायचा असतो. पट्टी आणि डबीची भिंत यांत दोन-तीन मिमी हवा राहिली तर सरकणं कमी होतं आणि दोन डब्यांमधला फरकही.

लोखंडाचं काय? मागाच्या चौकटीला डबी थेट चिकटवली तर खालच्या बँडला तो अँटेना ओळखू येत नाही. अँटेनाचं टोक लोखंडाच्या कडेबाहेर काढा, किंवा मध्ये प्लास्टिकचा ठोकळा देऊन तीन सेंटीमीटर अंतर पाडा. आम्ही शेवटी डबी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यावर अशी बसवली की सर्किटचा भाग लोखंडाला आणि वरचे १५ मिमी मोकळ्या हवेत. कोरडा कापूस बसला तर फारसं बिघडत नाही. पण सुताला ओलावा राखण्यासाठी जिथे पाणी फवारतात, तिथे तोच कापूस भिजतो, आणि पाण्याचा स्थिरांक ८० च्या घरात असल्यानं ओला थर अँटेनाला खाली ओढतो. डबीचं झाकण उतरतं ठेवा, कापूस टिकत नाही.

गच्चीवर

शेवटी मीटर आणि केबल दोन्ही बाजूला. डबीला तिच्याच बॅटरीवर चालू करा आणि राउटरपाशी येणाऱ्या सिग्नलची डीबीएममधली पातळी नोंदवा. जागा मोकळी हवी, पाण्याच्या टाकीपासून आणि पत्र्यापासून लांब. जुन्या वाड्याचं माळवद मिळालं तर फारच छान, खाली लाकूड आणि माती असते, स्लॅबसारखी सळ्यांची जाळी नसते. मे महिन्यात हे सकाळी आठच्या आत उरका. नंतर पारा चाळिशीच्या पुढे जातो, मग आपणही आणि लॅपटॉपही नीट काम करत नाही.

दोन मीटरवर लाकडी स्टुलावर डबी ठेवा. स्टुलावर कागद, कागदावर दर ३० अंशांना रेघ. प्रत्येक रेघेवर वीस वाचनं घ्या आणि सरासरी काढा. एकट्या वाचनावर विश्वास ठेवू नका, ते पाच-सहा डीबीनं सहज उड्या मारतं. मग डबी आडवी करून पुन्हा सगळं. त्यानंतर त्याच जागी, त्याच वायफाय मॉड्यूलला, बाजारातला कांडीचा ड्युअल-बँड अँटेना लावून तीच नोंद करा. निरपेक्ष गेन आपल्याला या साधनांत मिळणार नाही, पण तुलना मिळते आणि निर्णयाला तीच लागते. एवढ्या लहान बोर्डाला कांडीपेक्षा दोन-तीन डीबी कमी आले तर मी ते समाधानकारक मानतो. दहा कमी आले तर मागे जा आणि आधी ग्राउंड तपासा, मग डबी, आणि सगळ्यात शेवटी पट्टी.

सगळं जमलं की पीसीबी मागवा, पण पहिल्यांदा दहाच. त्यावर दोन्ही हात टेपवर जमलेल्या मापापेक्षा एक मिमी लांब ठेवा, कारण त्या लॉटचा एफआर-४ तुमच्या तुकड्यासारखा असेलच असं नाही. दहापैकी तीन बोर्ड डबीत घालून कापून जुळवा, तिघांची मापं सारखी आली की तीच अंतिम करा. बोर्डाची जाडी, पुरवठादार आणि डबीचा साचा ड्रॉइंगवरच लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुणी डबी पांढऱ्याऐवजी काळ्या प्लास्टिकमध्ये काढली, तर रंगातल्या कार्बनमुळे अँटेना हलू शकतो. तेव्हा ही नोंद सापडली पाहिजे. आणि डब्या विकायच्या असतील तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए (उपकरणाच्या प्रकाराला मंजुरी) लागते. मॉड्यूलची ईटीए आधीच झालेली असली तरी ती कोणत्या अँटेनासाठी झाली आहे ते कागदावर वाचून घ्या, आणि हे वाचन पहिला बोर्ड मागवण्याआधीच करा.